शंभराला खरा, चाळिशीला कच्चा

नागपुरात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतावर हवामान खात्याचे एक स्वयंचलित केंद्र आहे. ३० मे २०२४ रोजी त्या केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली होती. आपल्या देशाचा मान्य उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा, ५१ अंशांचा. म्हणजे दोन दिवसांत दोन गावांनी तो मोडला, असे आकडे सांगत होते. हवामान खात्याने तपासणी केली. मुंगेशपूरचा सेन्सर प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे ३ अंश जास्त दाखवत होता, आणि नागपूरच्या सेन्सरमध्येही बिघाड निघाला. त्या दिवशी नागपूर शहरात पारा प्रत्यक्षात पंचेचाळिशीच्या आसपासच होता.

ही चूक सापडली ती एका साध्या कारणाने. शेजारी दुसरे उपकरण होते. एकाच गावात चार ठिकाणी मोजणी होत असेल आणि एक जण दहा अंश वेगळे बोलत असेल, तर कोणाकडे संशयाने पाहायचे हे लगेच ठरते. त्यातून शंका उरलीच, तर प्रमाणित तापमापक घेऊन माणूस जागेवर जाऊ शकतो.

आता मोजायची जागाच नखापेक्षा थोडी मोठी असलेल्या सिलिकॉनच्या चकतीच्या पोटात आहे असे समजा. वर धातूचे झाकण, झाकणावर पेस्ट, पेस्टवर हीटसिंक, हीटसिंकवर फॅन. तिथे दुसरा तापमापक नेता येत नाही. आत जो बसवलेला आहे तो जे सांगेल तेच ऐकायचे. आपल्या संगणकातल्या प्रोसेसरचे तापमान आपल्याला कळते ते असे, एकाच साक्षीदाराच्या तोंडून.

विदर्भातल्या संग्रामपूर तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरव्याचे जंगल, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, मधल्या पट्ट्यात सोनाळा, टुनकी, बावनबीर, वरवट बकाल, पातुर्डा अशी गावे. मे महिन्यात या भागात दुपारचा पारा ४४-४५ ला सहज जातो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा यांची कामे ज्या सेवा केंद्रांत चालतात, ती बहुतेक एका खोलीची, वर पत्रा नाहीतर स्लॅब, कोपऱ्यात कूलर. वीज गेली की कूलर थांबतो, पण इन्व्हर्टरवर संगणक चालूच असतो. कापसाच्या पट्ट्यात हवेत तंतूही असतात, आणि ते हीटसिंकच्या पात्यांत अडकून नमद्यासारखा थर धरतात. अशा खोलीत संगणक मंदावतो तेव्हा पहिला दोष नेटला दिला जातो. एखादा जाणता मुलगा तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर टाकतो आणि पडद्यावर आकडा उमटतो: ९७. किंवा दुसऱ्या कुठल्या संगणकावर, त्याच तापलेल्या खोलीत: ३६. या दोन आकड्यांपैकी विश्वास कोणावर ठेवायचा?

बहुतेकांना ९७ खोटा वाटतो आणि ३६ वाचून हायसे वाटते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. ९७ वर विश्वास ठेवा, ३६ वर ठेवू नका. हे असे का, ते समजून घ्यायला त्या साक्षीदाराच्या आत डोकवावे लागेल.

प्रोसेसरमधला तापमान-सेन्सर म्हणजे मुळात एक डायोड, किंवा डायोडसारखा जोडलेला ट्रान्झिस्टर. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक प्रवाह सोडला, तर त्याच्या दोन टोकांमधला विद्युतदाब तापमानावर अवलंबून असतो. तापमान एका अंशाने वाढले की हा दाब सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. पण अडचण अशी की हा दाब डायोडच्या घडणीवरही अवलंबून असतो, आणि कारखान्यातून निघणारे कोणतेही दोन डायोड हुबेहूब सारखे नसतात. म्हणून अभियंत्यांनी एक सुंदर युक्ती काढली. एकाच डायोडमधून आधी थोडा आणि मग त्याच्या आठपट प्रवाह सोडायचा, आणि दोन वेळच्या दाबांमधला फरक घ्यायचा. वजाबाकीत त्या डायोडच्या बऱ्याचशा खोडी निघून जातात. उरतो तो फरक थेट निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असतो: आठपट प्रवाहासाठी दर केल्व्हिनला ०.१८ मिलिव्होल्ट. प्रोसेसर १०० अंशांवर, म्हणजे ३७३ केल्व्हिनवर असेल, तर फरक येतो सुमारे ६७ मिलिव्होल्ट. निसर्गाच्या स्थिरांकांवर उभी असलेली ही मोजणी मला आजही विलक्षण वाटते. सिलिकॉनच्या एका ठिपक्याला दोनदा प्रश्न विचारायचा आणि उत्तरांच्या फरकातून ऊब वाचायची.

पण ०.१८ मिलिव्होल्ट हा फार बारीक आकडा आहे. त्याच चकतीवर शेजारी अब्जावधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करत असतात, तारांमध्ये रोध असतो, आणि डायोडही पाठ्यपुस्तकातल्या आदर्श डायोडपेक्षा किंचित वेगळा वागतो. हा वेगळेपणा एका गुणकाने धरतात. तो गुणक एक टक्क्याने चुकला, तर उत्तर निरपेक्ष तापमानाच्या एक टक्क्याने चुकते. ३५० केल्व्हिनवर, म्हणजे ७७ अंशांवर, ही चूक साडेतीन अंशांची होते. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तापमान शून्य सेल्सिअसपासून मोजायचे नसून निरपेक्ष शून्यापासून मोजायचे असल्याने तो इतका महाग पडतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक प्रोसेसर कारखान्यात ज्ञात तापमानाला ठेवून त्याचा सेन्सर जुळवून घेणे. रुग्णालयातला तापमापक किंवा हवामान केंद्राचा सेन्सर असाच जुळवतात, आणि चांगली जुळवणी निदान दोन बिंदूंवर होते: एक थंड, एक गरम. प्रोसेसरच्या कारखान्यात मात्र चाचणी-यंत्रावरचा प्रत्येक सेकंद पैशांत मोजला जातो. चकती एका तापमानाला आणायची, स्थिरावू द्यायची, मग दुसऱ्या तापमानाला न्यायची, हे लाखो नगांसाठी परवडत नाही. मग कंपनी विचार करते की हा सेन्सर अचूक कुठे हवा? उत्तर उघड आहे. प्रोसेसर जळण्याच्या वाटेवर असतो तिथे. म्हणून जुळवणी वरच्या टोकाला, मर्यादेजवळ केली जाते. तिथून जसजसे खाली यावे तसतशी चूक वाढत जाते, आणि चाळिशीपर्यंत येईतो ती किती आणि कुठल्या बाजूला आहे याची कोणी हमी देत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी रात्री मचाणावर बसणारा जागल्या रानडुकरे जंगलात किती कोसांवर आहेत हे सांगत नाही. ती बांधाशी आली की हाळी देतो. त्याच्याकडून अपेक्षा तेवढीच असते, आणि ती चुकली तर पीक जाते. प्रोसेसरमधला सेन्सर या कामाचा आहे.

तो असा का घडला, याला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या बऱ्याच प्रोसेसरांना आतून तापमान सांगण्याची सोयच नव्हती, कारण गरज थोडी होती. ज्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, ते डॉ. विजय भटकर शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातले, मुरंब्याचे. त्या महासंगणकात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. आजच्या मानाने त्यांना वीज अगदी थोडी लागे. पुढच्या दहा वर्षांत एकेका प्रोसेसरची विजेची भूक पन्नास वॉटच्या पुढे गेली. तेवढी ऊर्जा एका नखाएवढ्या जागेत उष्णता होऊन बाहेर पडू लागली, आणि हीटसिंक सैल पडला तर काही क्षणांत सर्वनाश होईल अशी वेळ आली.

तो सर्वनाश जगाने २००१ च्या सप्टेंबरात चित्रफितीत पाहिला. टॉम्स हार्डवेअर या प्रकाशनाच्या प्रयोगशाळेत चालू संगणकांवरचे हीटसिंक मुद्दाम काढले गेले. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला. एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेला. पेंटियम ४ च्या पोटातच तापमान ओळखून वेग कमी करणारे मंडल होते. त्याला कोणत्याही सॉफ्टवेअरची वाट पाहावी लागत नव्हती. ॲथलॉनच्या बाबतीत ती जबाबदारी मदरबोर्डवर होती आणि ती वेळेत पार पडली नाही. त्यानंतर प्रोसेसरच्या आतले संरक्षण हा चैनीचा विषय राहिला नाही. आज जवळजवळ प्रत्येक प्रोसेसरमध्ये दोन पायऱ्या असतात. कमाल मर्यादा, जी अनेक प्रोसेसरांत १०० अंशांच्या आसपास असते, गाठली की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. त्याच्याही वीस-तीस अंश वर गेला, तर वीज तोडून संगणक बंद पाडतो. जागल्या दोनदा हाळी देतो, आणि या दोन्ही हाळ्या भरवशाच्या असाव्यात यासाठी सगळी मेहनत घेतलेली असते.

आता पडद्यावरच्या आकड्याकडे येऊ. इंटेलच्या प्रोसेसरमधला डिजिटल सेन्सर अंशांत तापमान सांगतच नाही. तो सांगतो मर्यादेपासूनचे अंतर. त्याच्या नोंदवहीत ४० असेल, तर अर्थ एवढाच की मर्यादा अजून ४० अंश दूर आहे. सॉफ्टवेअर मर्यादेतून हे अंतर वजा करून आपल्याला सेल्सिअसमध्ये आकडा दाखवते. मर्यादा १०० धरली तर ६०.

मग मर्यादा नेमकी किती? कोअर २ प्रोसेसरांच्या काळात इंटेलने हा आकडा डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी जाहीरच केला नव्हता. सॉफ्टवेअर लिहिणारे अंदाज बांधत. ४५ नॅनोमीटरच्या प्रोसेसरांसाठी कोणी १०५ धरी, कोणी ९५. एकाच संगणकात, एकाच क्षणी, एक सॉफ्टवेअर ६५ दाखवी आणि दुसरे ५५. सेन्सर दोघांना तोच ४० सांगत होता. २००८ मध्ये इंटेलने अखेर आकडे दिले. लोकप्रिय ई८४०० या प्रोसेसरसाठी मर्यादा १०० निघाली. पण सोबत हेही स्पष्ट केले की हा आकडा लक्ष्य म्हणून ठरवलेला आहे, प्रत्येक नगात तो थोडा इकडेतिकडे असू शकतो, आणि मर्यादेपासून दूर गेल्यावर सेन्सरची अचूकता घटते. त्याच पिढीतल्या काही प्रोसेसरांचे सेन्सर खालच्या बाजूला अडकूनही बसत. एका ठरावीक आकड्याखाली ते जातच नसत. खोली कितीही गार असो, काम शून्य असो, आकडा हलायचा नाही. असा प्रोसेसर सदोष म्हणून परत करायला लोक धावले. पण तो सेन्सर वरच्या टोकाला आपले काम चोख करत होता.

नंतरच्या पिढ्यांत इंटेलने मर्यादेचा आकडा प्रोसेसरमध्येच वाचता येईल असा नोंदवून ठेवला, आणि निदान हा अंदाजपंचे कारभार थांबला.

एएमडीची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त बोधक वाटते. तिथे सॉफ्टवेअरला मिळतो तो आकडा फॅन चालवण्यासाठी केलेला असतो. भौतिक तापमानाशी तो तंतोतंत जुळलाच पाहिजे असे नाही. २०१७ च्या सुरुवातीला रायझन बाजारात आला तेव्हा १८००एक्स आणि १७००एक्सचे मालक घाबरले, कारण काही काम नसतानाही तापमान पन्नाशीच्या पुढे दिसत होते. मार्चमध्ये एएमडीने खुलासा केला की या दोन प्रोसेसरांच्या आकड्यात २० अंश मुद्दाम मिळवलेले आहेत, म्हणजे वेगवेगळ्या रायझनवर फॅनचे धोरण सारखे राहील. पडद्यावर ५८ दिसले तर खरे ३८. साध्या १७०० मध्ये मात्र अशी भर नव्हती. सॉफ्टवेअरवाल्यांनी पुढे ते २० अंश वजा करायला सुरुवात केली, पण जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला आजही तोच आकडा दिसतो. त्याच्या आधीच्या एका पिढीत तर एएमडीनेच काही प्रोसेसरांचा सेन्सर चुकीचा असल्याचे आपल्या त्रुटींच्या यादीत छापले होते, आणि लिनक्समधला तापमान वाचणारा ड्रायव्हर अशा प्रोसेसरवर आपणहून चालायला नकार देतो. मला हा नकार फार आवडतो. खोटा आकडा दाखवण्यापेक्षा आकडाच न दाखवणे, हे मोजमापाच्या शास्त्राचे खरे शील आहे.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. सेन्सर अगदी अचूक असला तरी तो बसला आहे तिथलेच तापमान सांगतो. जड गणित चालू असताना चकतीवरचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा दहा अंशांनी सहज गरम असतो, आणि तो मिलिसेकंदांत तापतो-निवतो. सॉफ्टवेअर सेकंदातून एकदा वाचते. म्हणून आता एका प्रोसेसरमध्ये बरेच सेन्सर पेरतात आणि त्यातला सर्वांत गरम आकडा पुढे करतात. मदरबोर्डच्या सेटअपमध्ये दिसणारे ‘सीपीयू’ तापमान आणि विंडोजमध्ये दिसणारे ‘कोअर’ तापमान जुळत नाहीत, याचे एक कारण दोघे वेगळ्या जागा वाचतात हे आहे. शिवाय सेटअपच्या पडद्यावर वीजबचतीच्या सोयी पुरत्या चालू नसतात, त्यामुळे तिथला आकडा अनेकदा उगाच जास्त दिसतो.

तर मग संग्रामपूरच्या त्या ३६ चे काय? खोलीत ४२ अंश, आणि हवेने थंड होणारा प्रोसेसर ३६ वर. हे होऊ शकत नाही. उष्णता गरमाकडून गारव्याकडे वाहते. प्रोसेसर ज्या हवेत उष्णता सोडतो त्या हवेपेक्षा तो गार राहूच शकत नाही. मात्र निकाल देण्याआधी कूलर पाहा. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येत असेल तर आत जाणारी हवा तिशीची असू शकते, आणि मग ३६ शक्य आहे. म्हणून तापमापक भिंतीवर न लावता कॅबिनेटमध्ये हवा शिरते त्या जाळीपाशी धरावा. तिथे ४२ असेल आणि पडदा ३६ म्हणत असेल, तर सेन्सर खालच्या टोकाला निदान सहा अंश चुकतो आहे. सहाच्या वर किती, ते यातून कळत नाही.

याहून चांगली परीक्षा घेण्याची सोय विदर्भाच्या हवेने फुकट दिली आहे. मे महिन्यात पहाटे २८ आणि दुपारी ४३ असा पंधरा अंशांचा फरक एकाच दिवशी मिळतो. प्रयोगशाळेत यासाठी महागडी पेटी लागते. सेटअपमध्ये जाऊन फॅनचा वेग कायम करा, कारण तो आपोआप वाढला तर हिशेब बिघडतो. प्रोसेसरचा आपणहून वाढणारा वेग, ज्याला टर्बो म्हणतात, तोही बंद करा. मग पहाटे आणि दुपारी तेच जड काम सलग वीस मिनिटे चालवा आणि दोन्ही वेळा जाळीपाशी हवेचे तापमान व पडद्यावरचा आकडा टिपा. हवा पंधरा अंशांनी वाढली तर प्रोसेसरही पंधराने, किंवा किंचित जास्तने, वाढला पाहिजे. किंचित जास्त यासाठी की गरम सिलिकॉनमधून गळणारी वीज वाढते. पडद्यावर फरक नऊच दिसला, तर सेन्सरचा उतार चुकला आहे. पंधरा-सोळा दिसला, तर उतार ठीक आहे. एका दिवसात उरकत असल्याने मध्ये धूळ साचून निकाल बिघडण्याचीही भीती नाही. हवेच्या तापमापकावरच शंका असेल तर तो पाण्यात बुडवता येणारा घ्यावा, आणि कुटलेला बर्फ व थोडे पाणी ढवळून त्यात ठेवावा. शून्याच्या आसपास आला तर चालेल.

उरला ९७. मर्यादा १०० धरली तर तो तिच्यापासून तीन अंशांवर आहे, म्हणजे सेन्सर जिथे जुळवला गेला त्या बिंदूच्या अगदी शेजारी. इथे त्याची चूक सर्वांत कमी. शिवाय या आकड्याला दुसरा साक्षीदारही मिळू शकतो. प्रोसेसरचा वेग त्याच सॉफ्टवेअरमध्ये पाहा. जड काम सुरू होताच वेग ठरलेल्या आकड्यापेक्षा खूप खाली घसरत असेल, तर प्रोसेसर स्वतःच्या सेन्सरचे ऐकून आवरते घेतो आहे. संगणक मंदावण्याचे कारण नेटमध्ये नसून इथे आहे.

मग संगणक बंद करून, वायर काढून कॅबिनेट उघडावे. फॅनचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर हवेच्या फवाऱ्याने ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. हीटसिंकच्या पात्यांमधला कापसाचा आणि धुळीचा थर ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने काढावा. पेस्ट वाळून तडकलेली असेल तर पुसून नवी लावावी. पुन्हा तेच काम, त्याच वेळेच्या दुपारी चालवावे. आधी मर्यादेपासूनचे अंतर ३ होते आणि आता २० झाले, तर प्रोसेसर आता नेमका ८० वर आहे की ७८ किंवा ८२ वर, यावर वाद घालत बसू नये. एकाच सेन्सरने, एकाच कामावर, सारख्याच हवेत दाखवलेला सतरा अंशांचा फरक अंश-दोन अंश इकडेतिकडे असेल, पण सुधारणा झाली हे तो खात्रीने सांगतो. हा आकडा तारखेसह कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी वेचणीचा हंगाम संपला की तो पुन्हा पडताळता येतो.